फरशी, ओटा आणि भिंत : स्वयंपाकघरातील रंगांचा मेळ



घर दुरुस्तीला काढले म्हणजे पैशाचा पहिला हात पडतो छपरावर आणि दुसरा ओटीवर. ओटीवर पाहुणे बसतात, चार माणसांची नजर तिथे पडते. म्हणून तिथली लादी निवडायला घरातली कर्ती माणसे तालुक्याच्या गावी जातात, दहा नमुने पाहतात, घासाघीस करतात. स्वयंपाकघराची पाळी येते सर्वांच्या शेवटी. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि उत्साहही. मग ओटीवरून उरलेल्या लाद्या, कुणाकडे तरी पडून असलेला कडप्पा आणि रंगाऱ्याच्या डब्यात शिल्लक राहिलेला रंग, असे तिघे भेटतात आणि स्वयंपाकघर तयार होते. तिघांची एकमेकांशी ओळख नसते, आणि पुढली पंचवीस वर्षे त्यांना एकत्र नांदायचे असते.

आज आपण या तिघांचा विचार करू. खाली फरशी, मध्ये ओटा, सभोवार भिंत. यांचे रंग एकमेकांना धरून कसे निवडावे, हा आजचा विषय.

रंग म्हटला की काही मंडळी म्हणतील, "हे शहरातले चोचले झाले. आमच्या स्वयंपाकघरात रंग बघायला येतो कोण?" बरोबर आहे, बघायला कुणी येत नाही. पण तिथे काम करणाऱ्या माणसाला नीट दिसायला तर हवे ना? जमिनीवर सांडलेले पाणी वेळीच दिसले नाही तर पाय घसरतो. ओट्याची कड दिसली नाही तर उकळत्या आमटीचे भांडे अर्धे बाहेर ठेवले जाते. भिंतीने उजेड गिळला तर तांदळातला खडा राहून जातो आणि भर दुपारी दिवा लावून मासळी साफ करावी लागते. स्वयंपाकघरातला रंग डोळ्यांच्या सोयीसाठी असतो. शोभा त्यामागून आपोआप येते.

उदाहरणासाठी श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर घेऊ. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याशी सुरूचे बन, आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गेलेले गाव. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि मागील दार उघडले की वाडी आणि विहीर, अशी इथल्या जुन्या घरांची नेहमीची मांडणी. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौले, आणि पावसासाठी खाली उतरलेल्या पडव्या. असे घर उन्हाळ्यात थंड राहते, पण त्याच्या स्वयंपाकघरात उजेड बेताचाच येतो. जो येतो तो पोफळीच्या झावळ्यांमधून गाळून, थोडा हिरवट होऊन येतो.

अशा घरात आपल्या आजी-पणजींनी रंगांची जी मांडणी केली होती ती एकदा आठवून पाहा. जमीन शेणाने सारवलेली, म्हणजे मध्यम गडद आणि बिनचमकेची. भिंत चुन्याने पांढरी केलेली. किनाऱ्यावरच्या गावांतून हा चुना पुष्कळदा शिंपल्या भाजूनच केलेला असे. आणि भिंत जिथे जमिनीला मिळते तिथे वीतभर रुंदीचा कावेचा तांबडा पट्टा. खाली गडद, वर उजळ आणि मध्ये स्पष्ट रेघ. सारवताना उडणारे शिंतोडे त्या पट्ट्यावर पडत आणि खपून जात. जमीन कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली हे तिन्हीसांजेच्या मिणमिणत्या दिव्यातही कळे. पांढरी रांगोळी उठून दिसे ती त्या गडद जमिनीमुळेच. रंगसंगती हा शब्द त्या बायांनी ऐकलाही नसेल, पण ती त्यांना येत होती.

मग बिघडले कुठे? सामान बदलले. शेणाची जमीन गेली, कोबा आला, शहाबादी आली आणि आता गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या गुळगुळीत टाइल्स आल्या. जमिनीवरची चूल उठून गॅसची शेगडी ओट्यावर चढली. चुन्याच्या जागी डबाबंद रंग आला. या वस्तू वाईट आहेत असे नव्हे. पण पूर्वी जी निवड परंपरेने आपोआप होत असे ती आता आपल्याला करावी लागते, आणि दुकानात तर एकेका वस्तूचे शंभर-शंभर नमुने भिंतीला टांगलेले असतात.

दिवेआगरच्या पुष्कळ घरांना ही निवड एकदमच करावी लागली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. श्रीवर्धन तालुक्यात कौले आणि पत्रे उडाले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी आणि माड आडवे झाले. त्यानंतर घरे पुन्हा उभी राहिली. शिवाय या गावात पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय घरोघरी होते. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात एरव्ही सहा पाने वाढायची, तिथे सुट्टीच्या दिवशी वीस-पंचवीस पाने वाढायची. अशा जागी चुकीच्या फरशीचा त्रास रोजच्या रोज भोगावा लागतो.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट क्रमाची. आधी फरशी ठरवावी, मग ओटा, आणि सर्वांत शेवटी भिंतीचा रंग. आपल्याकडे नेमके उलटे होते. रंगाचे कार्ड हाती पडते, घरात सगळे मिळून त्यातला एक रंग पसंत करतात, आणि मग त्याला शोभणारी लादी शोधत फिरतात. पण लादी एकदा बसली की उखडणे महाग आणि त्रासाचे. ओट्याचा दगडही तसाच. भिंतीचा रंग मात्र चार-पाच वर्षांनी बदलावाच लागतो, आणि रंगाच्या छटा हव्या तितक्या मिळतात. जे बदलता येत नाही ते आधी नक्की करावे आणि ज्याला मुरड घालता येते त्याने शेवटी जुळवून घ्यावे.

दुसरी गोष्ट मापाची. गुरुजींनी हे गणित वर्गात फळ्यावर घालून दाखवावे. समजा, स्वयंपाकघर दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि भिंत नऊ फूट उंच आहे. चारही भिंती मिळून चव्वेचाळीस फूट लांबीच्या, म्हणजे ३९६ चौरस फूट. दोन दारे आणि एक खिडकी यांचे सुमारे ५० चौरस फूट वजा केले तर राहिले साधारण ३४५. जमीन १२० चौरस फूट. ओटा आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद धरला तर १६ चौरस फूट. म्हणजे डोळ्यांसमोर जो रंग येतो त्यात शंभरात सुमारे बहात्तर भाग भिंतीचे, पंचवीस जमिनीचे आणि तीनच ओट्याचे. यावरून दोन गोष्टी कळतात. खोली उजळ की काळोखी हे ठरवते भिंत. आणि ओटा आकाराने एवढासा असल्यामुळे तो गडद असला तरी खोली काळवंडत नाही.

आता एकेक घेऊ.

प्रथम फरशी. फरशीचा रंग दुकानात ठरवू नये, आपल्या अंगणात ठरवावा. घरात येणारी धूळ कोणत्या रंगाची आहे? जांभ्याच्या वाटेवरून येणारी माती तांबडी असते, पुळणीवरून येणारी वाळू करडी असते, वाडीतून पायाला लागून येणारा चिखल काळसर असतो. पांढऱ्याशुभ्र लादीवर यातले प्रत्येक पाऊल उमटते आणि घरातली बाई दिवसभर फडके घेऊन फिरते. अगदी काळ्या लादीवर उलटा प्रकार : वाळू, पीठ, वाळलेल्या पाण्याचे डाग, सगळे पांढरे होऊन दिसते. म्हणून मधली छटा बरी. राखी, बदामी, मातकट, त्यातही बारीक ठिपक्यांची किंवा किंचित ढगाळ. परीक्षा सोपी आहे. दुकानदाराकडून नमुन्याची एक लादी मागून आणा, तिच्यावर अंगणातली वाळलेली चिमूटभर माती टाका, आणि उभे राहून पाहा. माती डोळ्यांत खुपली नाही तर लादी तुमच्या घरची.

मात्र धूळ लपावी इतकेच पाहू नका, पाणी दिसले पाहिजे. फार चमकणाऱ्या फिकट लादीवर खिडकीचा उजेड पडतो, आणि त्या चमकेत सांडलेले पाणी मुळीच कळत नाही. पावसाळ्याचे चार महिने मागील दारातून ओल्या पायांची ये-जा चालू असते. विहिरीवरून भरलेली कळशी येते, मासळीचे पाणी ठिबकते. अशा जागी गुळगुळीत लादी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडण्याची तयारीच. लादी खरखरीत घ्या, निदान बिनचमकेची घ्या. रंग पसंत पडला पण पृष्ठभाग निसरडा असेल तर तो नमुना मुकाट्याने परत करा. बिनपॉलिशची शहाबादी किंवा कोटा हे दगड या बाबतीत अजूनही चांगले. शहाबादी राखी असते, कोटा हिरवट-निळसर, आणि दोन्ही पायाला धरून राहतात.

माजघरातून स्वयंपाकघरात उतरताना जुन्या घरांत एक पायरी असते. दोन्हीकडे एकाच रंगाची लादी घातली की ती पायरी दिसेनाशी होते. वयोमानाने डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, आणि जवळजवळच्या छटा म्हाताऱ्या माणसांना वेगळ्या कळत नाहीत. आपल्याला दिसते म्हणून त्यांनाही दिसत असेल असे धरून चालू नये. पायरीच्या काठाला चार बोटे रुंद गडद पट्टी घाला. अख्ख्या घरात रंगावर केलेला सर्वांत कमी आणि सर्वांत उपयोगी खर्च तो हाच.

आता ओटा. इथे रंगाच्या आधी दगडाची जात पाहावी लागते, कारण कोकणातल्या स्वयंपाकात आंबट फार. आमसूल, कोकमाचे आगळ, चिंच, लिंबू. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड. आम्ल पडले की चुनखडी विरघळते. म्हणून कडप्प्याच्या काळ्याभोर ओट्यावर सोलकढी सांडून राहिली की तिथले पॉलिश उडते आणि फिकट डाग पडतो. तो डाग घासून जात नाही, कारण तो डाग नव्हेच, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. ग्रॅनाइटवर आमसुलाचे काही चालत नाही. दोघांतला फरक ओळखायचा असेल तर दगडाच्या एका तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून अर्ध्या तासाने पुसून पाहा. चमक गेली तर तो चुनखडीचा. कडप्पा स्वस्त पडतो म्हणून घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, पण आरशासारखे पॉलिश करून घेऊ नका. पॉलिशच नसेल तर ते उडणार काय?

रंगाचे म्हणाल तर काळ्या ओट्यावर हळदीचे आणि तेलाचे डाग दिसत नाहीत, उकडीच्या मोदकाची पारी, खवलेला नारळ आणि तांदळाचे पीठ स्वच्छ उठून दिसते. हे त्याचे गुण. पण मोहरी, काळ्या मुंग्या, झुरळाचे पिल्लू, सुरीचे पाते, यांतले काही दिसत नाही. पांढऱ्या ओट्यावर मुंगी दिसते, पण हळदीचा पिवळा डाग मुक्कामाला येतो. म्हणून मधला मार्ग असा की ओटा गडद राखी किंवा ठिपक्यांचा काळा घ्यावा, आणि फरशीपेक्षा तो निश्चित दोन पायऱ्या गडद असावा. फरशी आणि ओटा एकाच छटेचे असले तर वरून पाहताना ओट्याची कड जमिनीत मिसळून जाते. भांडे काठावर ठेवले जाते ते अशा वेळी. काहीजण ओट्याला पुढून फिकट दगडाची पट्टी लावतात. ती चांगलीच.

ओट्यामागे भिंतीवर दोन-अडीच फूट टाइल लावतात, तिचे काम जुन्या कावेच्या पट्ट्यासारखे. फोडणीचे शिंतोडे तिने सोसायचे. ही टाइल फिकट असावी म्हणजे ओट्यावर उजेड परततो आणि चिकट तेल कुठे राहिले ते समजते. फुलाफळांच्या चित्रांची टाइल घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. एखादी ओळ घ्या, पण सगळी भिंत चित्रांची करू नका. त्या चित्रांतून मिठाची बरणी शोधावी लागते. टाइलांमधले सांधे पांढऱ्या सिमेंटने भरू नका, सहा महिन्यांत ते हळदीने पिवळे होतात. राखी रंगाने भरून घ्या.

आणि आता भिंत. चुन्याचा ताजा हात दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी सुमारे ऐंशी भाग परत खोलीत टाकते. सायीच्या रंगाची भिंत सुमारे सत्तर. मध्यम राखी रंग तीस-चाळीस. गडद विटकरी किंवा गडद हिरवा दहा-पंधरा, आणि काळा जेमतेम पाच. हे आकडे ढोबळ आहेत, पण फरक केवढा आहे तो पाहा. तीच खिडकी, तोच दिवा, आणि भिंतीच्या रंगापायी एका घरात भरपूर उजेड, तर दुसऱ्यात डोळे ताणून पाहायची पाळी. अर्थात भिंत उजेड परतवते, निर्माण करीत नाही. कौलारू स्वयंपाकघर फारच काळोखी असेल तर रंगाच्या दहा डब्यांपेक्षा छपरात बसवलेली काचेची दोन कौले जास्त काम करतील. आधी ती बसवा, मग रंग निवडा.

मग भिंत पांढरीशुभ्रच करावी काय? दिवेआगरसारख्या गावात वाडीचा हिरवट उजेड पांढऱ्या भिंतीवर पडला की भिंत थंड आणि थोडी आजारी दिसते. तिथे सायीचा, मोतिया किंवा अगदी फिका पिवळसर रंग चांगला. तो उजेडातला हिरवटपणा थोडा सावरून घेतो. ज्या स्वयंपाकघरात दुपारनंतर पश्चिमेचे पिवळे ऊन थेट आत येते, तिथे याच्या उलट करावे. तिथे पिवळा रंग डोळ्यांवर येतो, आणि पांढरा किंवा अगदी फिका राखाडी निवांत वाटतो. गडद हिरवी किंवा निळी भिंत मात्र स्वयंपाकघरात नकोच. भिंतीचा रंग पदार्थावर पडतो. कांदा तांबूस झाला की नाही, मासळीचे कल्ले लाल आहेत की काळवंडले, हे अशा उजेडात ओळखता येत नाही.

भिंतीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, कारण आपल्या किनाऱ्यावर रंगाचे निम्मे पैसे इथे वाया जातात. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे महिनोन् महिने ते हळूहळू बाहेर टाकतो. त्यावर प्लॅस्टिकसारखा बंद थर देणारा रंग लावला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. मग कितीही सुंदर छटा असली तरी तिचे पोपडे होऊन खाली पडणार. चुन्याचा हात भिंतीला श्वास घेऊ देतो. शिवाय चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशीला सहज पाय रोवता येत नाही. त्यात चिमूटभर पिवळी माती किंवा काव मिसळून हवी ती फिकी छटा मिळते. मात्र आधी ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तो रंग खरवडून काढावा लागतो. आणि ओलीचे मूळ शोधल्यावाचून कोणताच रंग टिकत नाही. पन्हळ फुटली असेल, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचत असेल, तर पहिला खर्च त्यावर करा.

आता थोडे शास्त्र. एखादा रंग कार्डावर एक दिसतो आणि भिंतीवर दुसराच, असे का होते? याचा छडा फ्रान्समध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने लावला. त्याचे नाव मिशेल शेव्रल. १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ या गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात त्याची रंगकामावर नेमणूक झाली. तिथे तक्रार येई की काळा रंग फिका पडतो, त्याला धारच नाही. शेव्रलने काळी लोकर तपासली, ती उत्तम रंगलेली होती. मग त्याच्या ध्यानात आले की दोष रंगात नाही, शेजारात आहे. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो काळा निस्तेज वाटत होता. यावर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की रंग एकटा कधी दिसत नाही, शेजारचा रंग त्याला बदलतो.

हे आपल्याही ओळखीचे आहे. चुन्यात थोडी नीळ घालतात ती कशासाठी? चुन्यातला पिवळेपणा मारण्यासाठी. शिक्षकांनी शाळेत एक प्रयोग करावा. एकाच राखी कागदाचे दोन सारखे चौकोन कापावे. एक काळ्या कागदावर चिकटवावा, दुसरा पांढऱ्यावर. मुलांना विचारावे, कोणता फिका? सगळी मुले काळ्यावरचा सांगतील. मग दोन्ही सोडवून शेजारी शेजारी ठेवावे. मुलांची तोंडे पाहण्यासारखी होतात. आता हेच स्वयंपाकघरात आणा. काळ्या ओट्यावरची सायीच्या रंगाची भिंत पांढरी भासते. तांबूस फरशीशेजारी राखी टाइल हिरवट दिसते. म्हणून तिन्ही नमुने वेगवेगळे पाहून निवडले तर फसगत होते. ते एकत्र पाहावे.

कसे पाहावे तेही सांगतो. फरशीचा नमुना जमिनीवर ठेवा, कारण लादी दुकानात उभी टांगलेली असते, घरात ती आडवी असते आणि वेगळी दिसते. त्याशेजारी ओट्याच्या दगडाचा तुकडा ओट्याच्या उंचीवर ठेवा. मग भिंतीवर दोन फूट लांब-रुंद एवढ्या भागावर रंगाचे दोन हात द्या. कार्डावरच्या बोटभर चौकोनापेक्षा मोठ्या भिंतीवर रंग नेहमी जास्त भडक वाटतो, म्हणून पसंत पडलेल्या छटेहून एक फिकी छटा घेतलेली बरी. रंग वाळू द्या, ओला असताना निकाल देऊ नका. आणि मग तीन वेळा पाहा : सकाळी, भर दुपारी, आणि दिवेलागणीला. रात्री तुमच्या घरी जो दिवा असेल त्याच दिव्यात पाहा. पिवळ्या दिव्यात निळा रंग मळकट होतो, पांढऱ्या एलईडीत पिवळसर रंग निस्तेज होतो. दुकानातला झगझगीत उजेड घरी येत नाही.

वाडीवाल्यांसाठी एक जादा सूचना. वादळात जिथे पोफळी पडल्या तिथल्या स्वयंपाकघरात एकाएकी ऊन आले. त्या उन्हात काहींना गडद रंगही शोभून दिसले असतील. पण पुन्हा लावलेली पोफळ पाच-सात वर्षांत फळाला येते, तिची सावली परत येते, आणि तोच रंग मग काळोख करतो. वाडी नव्याने उठत असेल तर रंग आजच्या उन्हावर निवडू नका, येणारी सावली ध्यानात घेऊन निवडा.

ज्यांना थोडक्यात हवे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन जोड्या सांगून ठेवतो. वाडीकडे तोंड असलेले, कमी उजेडाचे घर : बदामी खरखरीत फरशी, ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट, सायीच्या रंगाची भिंत, आणि खाली चार बोटे कावेच्या रंगाची पट्टी. पश्चिमेचे ऊन खाणारे घर : राखी शहाबादी, गडद काळा ओटा, चुन्याची पांढरी भिंत. आणि ज्या घरात गॅसबरोबर लाकडाची चूलही आहे, तिथे चुलीच्या कोपऱ्याला वेगळी वागणूक द्या. तिथे धूर येणारच. तेवढीच भिंत विटकरी किंवा मातकट ठेवा आणि दरवर्षी चुन्याचा हात द्यायचा तो उरलेल्या तीन भिंतींना द्या. तिन्ही जोड्यांत एक गोष्ट सारखी आहे. ओटा सर्वांत गडद, फरशी मध्यम, भिंत सर्वांत उजळ.

शेवटचा प्रश्न, हे सारे ठरवावे कुणी? १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांच्या नव्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले गेले. आखणारी वास्तुतज्ज्ञ बाई होती, मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की. कोणत्या कामाला किती पावले पडतात, किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असा त्या वेळी समज होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तयार झाली. पण राहायला आलेल्या बायांची तक्रार राहिली की इथे एकीलाच उभे राहता येते, दुसरी आली तर अडचण होते. पुढे त्या बाईंनी मोकळेपणाने सांगितले की आखणी केली तोवर मी स्वतः घर चालवले नव्हते, स्वयंपाक केला नव्हता. एवढी हुशार बाई, इतका कसून केलेला हिशेब, पण रोज तिथे राबणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही अशी गोष्ट राहून गेलीच.

आपल्याकडे तर स्वयंपाकघरात सासू, सून, जाऊ, मदतीला येणारी शेजारीण, अशा तिघी-चौघी एका वेळी वावरतात. म्हणून गवंड्याला ऑर्डर देण्यापूर्वी नमुने घरी आणा आणि त्यांच्यापुढे मांडा. आजीला विचारा, "पायरी दिसते का?" सुनेला विचारा, "इथे उभे राहून तांदूळ निवडता येतील का?" त्या काय म्हणतात ते ऐका. दुकानात जायचे तर त्यांनाही बरोबर न्या. एक दिवसाची मजुरी बुडेल, एस.टी.चे भाडे पडेल, पण उखडून काढाव्या लागणाऱ्या एका लादीच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

दिवाळीपूर्वी रंगकाम काढायचे असेल तर पाऊस ओसरल्यावर भिंती चांगल्या वाळू द्या, आणि तोवर नमुने जमवा, माती टाकून पाहा, लिंबाचा थेंब टाकून पाहा. उधळपट्टी करायला कुणी सांगत नाही. ओटीवर जेवढा विचार खर्च करता तेवढाच स्वयंपाकघरावर करा, एवढेच सांगणे. घरातले निम्मे आयुष्य तिथे उभ्याने जाते. तिथे नीट दिसले पाहिजे.